जेवणानंतरचा रकाना

सोमवारी तिने स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला. नळ गळत नव्हता. मंगळवारी अकरा वर्षं कुरकुरणारं मागचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं, तेल दिलं, परत बसवलं. आणि दार मुकाट्याने उघडायला लागलं तसं तिला घरातलं कोणीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. दुपारी इस्त्री खोलली. संध्याकाळपर्यंत घरात दुरुस्त करण्याजोगी एकच वस्तू उरली आणि तिच्याकडे ती पाठ करून बसली होती.

ती वस्तू म्हणजे पुढच्या खोलीतला वजनकाटा.

तिचा धंदाच काट्यांचा. भाजीबाजारातले, टपाल कचेरीतले, सोनाराकडचे काचेच्या पेटीतले, सगळे काटे वर्षातून एकदा तरी तिच्या हाताखालून जात. धंदा वडिलांचा. भाऊ नव्हता, आणि असता तरी त्याला हे जमलं नसतं, असं वडील म्हणायचे. लोक तिला काटेवाल्या ताई म्हणत. मखमलीच्या खाचांत बसवलेली छोटी पितळी वजनं ती चिमट्याने उचलायची, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन खोटं होतं. अशी ही बाई. आणि या बाईने गेले नऊ रविवार पोटच्या पोरीला खोटं वजन दाखवलं होतं.

पोरगी चौदा वर्षांची. जन्मली तेव्हा दोन किलोचीसुद्धा नव्हती म्हणून सगळे चिमणी म्हणायला लागले, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. शाळेत हे घरचं नाव कसं कोण जाणे फुटलं. त्यानंतर पोरांनी काय काय केलं ते सांगायला नको. पोरांना एवढं आयतं कोणी देतं का?

चिमणीला भूक लागायची. भूक सगळ्यांनाच लागते, पण सगळ्यांची जेवल्यावर जाते. हिची जात नसे. ताट विसळून ठेवायच्या आत ती परत डब्यांपाशी उभी. ताईची मोठी बहीण आली की म्हणायची, "तोंडाला कुलूप घाल तिच्या आणि किल्ली तुझ्या कमरेला लाव." ताई बहिणीवर डोळे वटारायची, आणि बहीण गेल्यावर स्वतःच म्हणायची, "अगं, आत्ताच तर जेवलीस ना?" कुलूपच ते. फक्त जरा गोड आवाजातलं.

तीन महिन्यांपूर्वी शाळेच्या तपासणीत चिठ्ठी मिळाली आणि त्या दोघी इस्पितळात हार्मोनच्या डॉक्टरबाईंकडे गेल्या. बाई वयाने लहान, केस विस्कटलेले, बोलणं मात्र सरळ. त्यांनी आधी पोरीलाच विचारलं, "जेवल्यावर पोट भरल्यासारखं वाटतं का गं तुला?"

चिमणीने आईकडे पाहिलं. "पोट भरतं. मी भरत नाही."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद ओढला आणि एक पोट काढलं, एक डोकं काढलं, मध्ये बाण. म्हणाल्या, पोट रिकामं झालं की तिथून एक हार्मोन वर निरोप नेतं, 'वाढा'. जेवल्यावर तो निरोप थांबायला हवा. काही मुलांमध्ये तो म्हणावा तसा थांबत नाही. दुसरं हार्मोन अंगावरच्या चरबीतून निघतं, ते सांगतं, 'साठा आहे, पुरे'. पण तो निरोप रात्रंदिवस, नको एवढा येत राहिला की मेंदू त्याला दाद देईनासा होतो. "म्हणून हिला भूक लागते म्हणजे खरोखर लागते. हावरटपणा नाही तो. आणि तुमचं काही चुकलं, असंही नाही."

शेवटचं वाक्य ताईने ऐकलं नाही. मधलंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. तिला ते आपल्या धंद्यातून कळलं. काट्यावर महिनोन्‌महिने ओझं ठेवून दिलं की काटा त्या ओझ्यालाच शून्य समजायला लागतो. मग त्याला कितीही शिव्या घाला, तो काही मुद्दाम खोटं बोलत नसतो.

डॉक्टरबाईंनी एक वही दिली. दर रविवारी वजन. रोज जेवणाआधीची भूक दहापैकी किती, आणि शेवटच्या रकान्यात जेवणानंतरची भूक दहापैकी किती. खाणं कसं, चालणं किती, तेही सांगितलं. "तीन महिने असं करून बघू. नुसत्या यानेच उतरलं तर उत्तम, मग बाकी कशाच्या मागे लागायला नको. नाही उतरलं तर रक्ताची मोठी तपासणी करू, उपाशीपोटी आणि जेवल्यावर. मग औषधाचं ठरवू."

पहिले दोन रविवार बरे गेले. पंच्याऐंशी किलो चारशे. पंच्याऐंशी शंभर. चिमणीने कपाटाच्या दारावर आलेखाचा कागद डकवला आणि त्यावर लाल पेनाने दोन ठिपके जोडले, बोटभर उतार. तिसऱ्या आठवड्यात ती रोज चालली, वाढलं तेवढंच जेवली, मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकचा तुकडा रुमालात गुंडाळून आईला आणून दिला. रविवारी काट्यावर उभी राहिली. पंच्याऐंशी सातशे.

ती खाली उतरली, परत चढली, परत तेच. मग मोरीत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता, आणि धुतलेला चेहरा आईला फसवू शकत नाही.

सोमवारी पोर शाळेत गेल्यावर ताईने काटा उघडला. मशीनला शिकवता येतं. वीस किलोचं वजन ठेवायचं आणि त्याला सांगायचं, हे वीस आहे. मशीन बिचारं ऐकतं. त्या दिवशी तिने वीस किलो ठेवले आणि सांगितलं, हे वीसला थोडं कमी आहे. मशीनने तेही ऐकलं. एकदाच, तिने स्वतःला बजावलं, पोरीला उभारी येईपर्यंत.

रविवारी चिमणी काट्यावरून उतरली ती उड्या मारतच. ती उडी ताईच्या डोळ्यांपुढून जाईना. दुसऱ्या सोमवारी तिने मशीनला अजून जरासं शिकवलं. मग दर सोमवारी. खोट्याला खोटं जोडत जायचं म्हणजे विणकामासारखं, मध्येच सोडता येत नाही, उसवतं. बाराव्या रविवारी काट्याने एक्क्याऐंशी दोनशे दाखवले. कपाटाच्या दारावर लाल रेघ घसरगुंडीसारखी खाली आली होती. लांबच्या मार्गावर ट्रक चालवणारा बाप फोनवर विचारायचा, "काय मग, किती उरली माझी चिमणी?" आणि पोरगी आकडा सांगायची. तो तिकडून चालत्या ट्रकमध्ये शिट्टी मारायचा. ताई फोन न घेताच गॅसपाशी काहीतरी पुसत राहायची.

स्कर्टचा हूक मात्र लागेना. "धुऊन आटला वाटतं," चिमणी म्हणाली. "आटला असेल," आई म्हणाली.

आणि आता बुधवारी अकरा वाजता डॉक्टरबाईंनी बोलावलं होतं. तिथे दारातच काटा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; ताईच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं, सगळं लख्ख दिसत होतं, फक्त सावली कुठे सापडत नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी चिमणी वही घेऊन शेजारी येऊन बसली. "आई, उद्या मी डॉक्टरबाईंना सांगणार आहे, रक्त काढायचं नाही. नुसत्या यानेच उतरलं की."

"सुईला घाबरतेस होय?"

"सुईला नाही गं. तपासणी म्हणजे माझ्यात काहीतरी बिघाड आहे. आणि बिघाड नाहीये. मी केलं ना बरोबर." तिने वही उलटून दाखवली. शेवटच्या रकान्यात पानंच्या पानं दोन, एक, दोन. "बघ."

ताईने पाहिलं. जेवणानंतरची भूक दोन. तिला कालच दिसलं होतं, पोरगी जेवून झाल्यावर हाताची घडी घालून, बोटं काखेत दाबून बसली होती, थंडी वाजत असल्यासारखी. थंडी नव्हती.

"हे खरं लिहिलंयस ना?" ती म्हणाली, आणि आपल्याच तोंडून हा प्रश्न निघालेला ऐकून तिचे कान तापले.

"मग काय खोटं लिहू?" चिमणीने वही मिटली. "तू काय सारखी उठतेस बसतेस? अंगात मुंग्या शिरल्यात का तुझ्या?"

बुधवारचं एक अजून होतं, जे ताईने कोणाला सांगितलं नव्हतं. त्या इस्पितळातले काटे तपासण्याचं काम तिच्याकडेच होतं. या महिन्यात फेरी व्हायचीच होती. तिथल्या सामानाच्या कोठीवाल्याने फोनवर विचारलं होतं, कधी येताय, आणि ती पटकन म्हणाली होती, बुधवारी, सकाळी साडेआठला, बाह्यरुग्ण विभागापासून सुरू करू.

साडेआठला मुलांच्या विभागाचा दिवा लागलेला होता. सिस्टर खुर्चीत चप्पल काढून, पाय वर घेऊन चहा पीत होत्या.

"या काटेवाल्या ताई. आज एवढ्या लवकर? घरात करमेना?"

"घरात काही मोडकं उरलं नाही."

"मग आमच्याकडे या की राहायला. माझा नवरा घेऊन जा, त्याचं काही हलत असेल तर बघा." सिस्टर हसल्या आणि कप घेऊन आत गेल्या.

काटा दारापाशीच होता. ताईने ढकलगाडीवरून वीस किलोची लोखंडी वजनं उतरवली. एक, दोन, तीन, चार. ऐंशी पूर्णांक शून्य. काटा गुणी होता, एका ग्रॅमची खोट नव्हती. सही करून पुढे जायचं एवढंच काम.

तिने मागच्या बाजूचा कागदी सीलचा तुकडा नखाने उचकटला. त्यावर तिचाच शिक्का होता. आत एक बटण. तिने दाबलं. मशीनने विचारलं, किती ठेवलंय? तिने तीन वजनं उतरवून वीसचं एक ठेवलं. अठरा किलो आठशे चाळीस, तिने भरलं. घरच्या काट्यावर हाच आकडा होता. तिला तो पाठ होता, जसा लोकांना फोन नंबर असतो. तीस वर्षांचा सराव, हाताला काय माहीत डोकं काय करतंय.

वीस किलोचं वजन आता अठरा आठशे चाळीस होतं. एक दिवस राहू दे, तिने ठरवलं. संध्याकाळी येऊन नीट करीन, काहीतरी विसरलं म्हणून.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. मागे एक बाई, बाईच्या खांद्यावर तीनेक वर्षांची किडकिडीत मुलगी, डोकं टाकून झोपलेली.

"ताई, झालं का हो? हिला घ्यायचंय. फिट येतात पोरीला, औषध किलोवर ठरतं. डॉक्टर आत वाट बघतायत."

ताई जागची हलली नाही. झोपलेल्या मुलीचा एक मोजा पायातून अर्धा निसटला होता.

"ताई?"

"नाही झालं," ताई म्हणाली. "दोन मिनिटं. चुकलंय जरा."

तिने बटण दाबलं. वीस. वीस पूर्णांक शून्य शून्य. परत एकदा चारही वजनं ठेवून पाहिली, उतरवून पाहिली, परत ठेवली. दोन मिनिटांचं काम तिने चारदा केलं. नवं सील लावलं आणि त्यावर शिक्का मारताना अंगठ्याखालचा कागद ओला झाला. झोपलेल्या मुलीला काट्यावर ठेवलं तेव्हा आकडा आला तो सिस्टरनी मोठ्याने वाचला, आणि ताईने भिंतीला हात टेकला.

चिमणी पावणेअकराला शाळेतून आली, वही छातीशी धरून. केस नीट विंचरलेले, स्कर्टच्या हुकाच्या जागी सेफ्टी पिन. ताईने तिला कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर नेलं, जिथे कोणी बसत नसे, कारण तिथला पंखा चालत नसे.

"चिमणे, घरचा काटा खोटा आहे."

"म्हणजे बिघडला?"

"बिघडवला. मी."

चिमणीच्या वर्गातल्या पोरी अशा वेळी रडल्या असत्या, ओरडल्या असत्या. हिने वही उघडली आणि रविवारांवरून बोट फिरवायला लागली. "कुठल्यापासून?"

"चौथ्या."

"हा खरा?" तिने तिसऱ्यावर बोट ठेवलं. पंच्याऐंशी सातशे.

"तो खरा."

"आणि आता किती आहे?"

"शहाऐंशीच्या आसपास असेल. तू मोरीत नळ सोडून बसलीस ना त्या दिवशी... मला वाटलं, जरा धीर येईल तुला. मग थांबताच येईना."

"बाबांना माहितीय?"

"नाही."

"मी त्यांना दर रविवारी सांगत होते." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "ते शिट्टी मारायचे."

समोरून एक वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची खडखडत घेऊन गेला. तो वळेपर्यंत दोघी त्याच्याकडेच बघत राहिल्या.

"तुला माहितीय मी काय करत होते?" चिमणी म्हणाली. आता ती हळू बोलत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "जेवण झालं की भूक लागायचीच. पहिल्यासारखीच. जास्तच. पण काट्यावर उतरत होतं ना. मग मला वाटलं, वजन उतरतंय म्हणजे आपलं अंग सुधारलंय, आणि सुधारलंय तर ही भूक खरी नसणार. मनाचे खेळ. म्हणून मी दोन लिहायचे. आठ असायची, आई. रोज आठ. मी दोन लिहायचे आणि हात दाबून बसायचे."

आयुष्यात ताईने पुष्कळ दुकानदार पाहिले होते, काट्याखाली चुंबक लावणारे, पारड्याला मेण फासणारे. त्यांच्यामुळे गिऱ्हाइकाचा पावशेर जायचा. हिच्यामुळे पोरीला आपली स्वतःची भूक खोटी वाटायला लागली होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हो," चिमणी म्हणाली.

सिस्टरनी नाव पुकारलं. चिमणी उठली. आई उठायला लागली तशी म्हणाली, "तू नको येऊस काट्यापाशी."

ताई बाकावरच राहिली. तिथून काट्याचा आकडा दिसत नव्हता, फक्त पोरीची पाठ दिसत होती आणि पिनेने धरलेला स्कर्ट. सिस्टर आकडा वाचायला गेल्या तर पोरगी हात वर करून काहीतरी म्हणाली, आणि सिस्टर गप्प बसल्या. पोरीने स्वतःच वाकून पाहिलं आणि वहीत लिहिलं. मग दोघींना आत बोलावलं.

डॉक्टरबाईंनी वही हातात घेतली. एकच ओळ, दोन शाया. "घरी एक्क्याऐंशी दोनशे आणि इथे शहाऐंशी दोनशे? तीन दिवसांत?"

चिमणीने आईकडे पाहिलं, आणि पाहत राहिली.

ताईने सांगितलं. सगळं, सकाळच्या बटणाचंसुद्धा. सांगताना ती टेबलावरचा पेपरवेट उचलून ठेवत होती, उचलून ठेवत होती. डॉक्टरबाईंनी शेवटी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"सकाळचं तुम्हीच कोठीत लेखी द्या. मीही कळवणार आहे," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "आणि हे वजन उतरलेलं समजून मी आज या मुलीला घरी पाठवलं असतं. छान चाललंय म्हणून. कळतंय ना?"

"कळतंय."

"तिच्या रकान्यात दोन लिहिलंय. दोन म्हणजे मी समजले असते, निरोप बंद होतायत, औषधाची गरज नाही."

"दोन नाहीये," चिमणी म्हणाली. तिने टेबलावरचं पेन उचललं, विचारलं नाही. चौथ्या रविवारपासून सुरुवात केली. प्रत्येक दोनवर आडवी रेघ, शेजारी नवा आकडा. आठ. आठ. सात. एके ठिकाणी थांबली, आठवलं, नऊ लिहिलं. स्कर्टचा हूक पहिल्यांदा लागला नाही, त्या दिवशीचं होतं ते. डॉक्टरबाई घड्याळाकडे न बघता बसून राहिल्या. बाहेर रांग चुळबुळत होती, कोणाचं तरी मूल दारावर बोटांनी टकटक करत होतं, आणि पोरगी शांतपणे एकेक दिवस दुरुस्त करत होती. ताईला बसवेना, उठवेना.

"शुक्रवारी उपाशीपोटी यायचं," शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी रक्त, मग मोजलेलं जेवण, मग दर अर्ध्या तासाने परत रक्त. सुई एकदाच, नळी ठेवतो. आणि त्या प्रत्येक वेळी भूक किती ते तू सांगायचं. खरी. कुठलाच आकडा वाईट नसतो."

"आई सोबत लागते का?"

"मोठं कोणीतरी लागतं."

चिमणीने विचार केला. "मग आईच. पण बाहेर बसेल."

"बाहेर बसेन," ताई म्हणाली.

कॉरिडॉरमध्ये आल्यावर ताईला कळेना, आता काय. इस्पितळातले पाच काटे अजून राहिले होते. ते करू देतील की नाही, कोणास ठाऊक. ती कोठीत गेली, उभ्याउभ्या सकाळचं लिहून दिलं. कोठीवाल्याने दोनदा वाचलं, चष्मा वर केला. "वर कळवावं लागेल, ताई. पुढचं काम राहतं की जातं, माझ्या हातात नाही. आजचे मात्र उरकून द्या. पण शेजारी आमचं माणूस उभं राहील, आकडा तेच वाचेल."

"राहू दे."

"आत्ता माझ्याकडे माणूस नाहीये. सिस्टर मोकळ्या झाल्या की पाठवतो."

ताई पुढच्या काट्यापाशी जाऊन थांबली. लहान बाळांचा काटा, पसरट, मऊ कापड घातलेला. चिमणी दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. शाळेत परत जायचं होतं तिला, तास बुडत होते, पण ती जात नव्हती.

"भूक लागलीय मला," ती म्हणाली. "आठ."

ताईच्या जिभेवर जुनं वाक्य आलं होतं, सकाळी तर खाल्लंस. ते तिने गिळलं. "पिशवीत डबा आहे. अंडं आहे, पाव आहे."

चिमणीने डबा काढला, उभ्यानेच खाल्लं, कोणाकडे न बघता. सिस्टर आल्या, कागद हातात, चेहरा सकाळसारखा हसरा नव्हता. "वाचायचं म्हणे मी."

"तुम्ही नका, सिस्टर," चिमणी म्हणाली. तिने बोटं रुमालाला पुसली, नीट, एकेक. "तुम्ही नुसत्या बघा. मी वाचते."

सिस्टरनी खांदे उडवले. ताईने फडक्यात धरून पहिलं वजन उचललं आणि कापडावर ठेवलं. पोरगी खाली वाकली, नाक आकड्याला लागेल एवढी. आकडा थोडा हलला आणि ठरला तरी ती लगेच बोलली नाही. अजून थोडी थांबली.

"एक किलो. शून्य शून्य दोन," ती म्हणाली. "लिही."

ताईने जसं सांगितलं तसं लिहिलं.